खाते क्रमांकाची ओळ

फॉर्मकाकांचं टेबल झेरॉक्सच्या दुकानाबाहेर जिन्याखाली होतं. जिना इतका उतरता होता की तिथं उभं राहणाऱ्याचं डोकं आपटायचंच. म्हणून काका कुणासाठीही खुर्चीतून उठत नसत आणि नवख्या माणसाला वाटायचं, हे गृहस्थ भारीच मानी दिसतात. मानी ते होतेच, पण जिन्यामुळे नव्हे. बावीस वर्षांत त्यांनी भरलेला एकही आयकराचा फॉर्म चूक निघून परत आला नव्हता आणि हे ते दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचे. ऐकायला कुणी नसलं, तर झेरॉक्सवाल्याला. तो बिचारा मशीनचा आवाज वाढवता येईल का, एवढंच बघायचा.

काकांची कामाची एक पद्धत होती. गेल्या वर्षीच्या फॉर्मची प्रत डावीकडे, कोरा फॉर्म उजवीकडे आणि दोन्हींवर आडवी ठेवलेली एक लाकडी पट्टी. पट्टीच्या वरची ओळ मोठ्यानं वाचायची, समोरच्यानं 'हो' म्हणायचं, मग ती लिहायची आणि पट्टी एक ओळ खाली. नाव, पत्ता, जन्मतारीख, नोकरी. माणसाचं वर्षभरात फारसं काही बदलत नाही, असं काकांचं मत होतं. बदललाच तर पगार आणि तोही सांगण्यासारखा नाही. त्यामुळे प्रतीवरून प्रत उतरवली की काम झालं. बाकावर बसलेल्यांना त्या पट्टीचं फार कौतुक वाटायचं आणि काकांना त्या कौतुकाचं.

बाकावर दर वर्षी येणाऱ्यांत एक लॉन्ड्रीताई होती. दिवसा ती रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुवायची आणि संध्याकाळी एका शाळेचे वर्ग झाडायची. दोन वर्षांपूर्वी ओल्या चादरींची गाडी उतारावरून सुटली, तिचा दांडा ताईच्या तोंडावर बसला आणि वरचे पुढचे चार दात गेले. पण म्हणून ती हसायची थांबली नाही. कशावरही खळखळून हसायची, फक्त हसू यायच्या आधी तिचा तळहात तोंडावर जायचा. तो हात आणि हसू यांचं असं जमून गेलं होतं की नुसता हात वर गेलेला पाहिला तरी बाकावरची माणसं हसायला लागायची.

त्या वर्षी मात्र दातांचा प्रश्न हसण्यापुरता राहिला नव्हता. धुलाईघराच्या बाहेरच्या खिडकीवर धुतलेल्या चादरी मोजून द्यायचं काम करणारी बाई निवृत्त होणार होती. काम बसून करायचं, पगारही बरा. लॉन्ड्रीताईचे गुडघे सकाळपासून उभे राहून संपत आले होते. तिनं मुकादमाला विचारलं, तर तो म्हणाला, "तुम्हालाच देईन, ताई. पण आधी दात बसवून घ्या. खिडकीवर माणसं समोर येतात." सांगणाऱ्याला लाज वाटली नाही, ऐकणारीला वाटली. जगात हे असंच चालतं आणि मला त्याचा रागच येतो.

दातांच्या डॉक्टरनं एक आकडा सांगितला. आणि योगायोग असा की दोन्ही नोकऱ्यांत तिचा कर कापला गेला होता, त्यामुळे जास्तीचा कर सरकारकडून परत मिळायचा होता, तो जवळजवळ तेवढाच होता. एवढे पैसे हातात येण्याचा दुसरा कुठला मार्ग तिच्यापुढे नव्हता.

अडचण होती ती धाकट्या भावाची. त्यानं घड्याळदुरुस्तीचं दुकान काढायला बँकेचं कर्ज घेतलं आणि ताई जामीन राहिली. दीड वर्षात दुकान बसलं. भाऊ तोंड चुकवत दुसऱ्या गावी गेला आणि बँकेच्या नोटिसा ताईच्या दारात पडायला लागल्या. तरी भाऊ दर रविवारी दुपारी फोन करायचा. "ताई, फेडतो गं, थोडं थांब," असं म्हणायचा. ताई म्हणायची, "ते बघू. तू जेवलास का?"

"काका," तिनं एका सोमवारी विचारलं. सोमवार तिच्या सुट्टीचा वार. "सरकारकडून माझे पैसे येणार, ते बँक मधल्या मध्ये उचलेल का? भावाच्या कर्जापायी?"

असा प्रश्न आला की काकांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सरकारकडे आहेत तोवर तुमच्या पैशांना कुणी बोट लावू शकत नाही. सरकारचं स्वतःचं काही येणं असलं, जुना कर वगैरे, तर तेवढं ते आधी कापून घेईल. पण बँक, सावकार, दुकानदार, यांची डाळ तिथं शिजत नाही."

"मग झालं तर."

"थांबा, ऐका. पैसे तिथून निघतात आणि तुमच्या खात्यात येतात. खरी गंमत पुढं आहे. ज्या बँकेचं देणं, त्याच बँकेत तुमचं खातं असेल, तर पैसे आत पडले रे पडले की बँक ते कर्जाकडे वळते करून घेते. जामिनाच्या कागदावर तसं लिहिलेलं असतं. तुम्ही सही केलीत, वाचलं नाहीत."

"वाचायला वेळ कुणी दिला? तिथं बोट, इथं सही," ताई म्हणाली आणि हात तोंडावर गेला. मग तो खाली आला. "माझं खातं तर तिथंच आहे, काका."

"म्हणून सांगतोय. दुसऱ्या बँकेत नवं खातं काढा. तिथले पैसे घ्यायचे तर या बँकेला कोर्टात जाऊन हुकूम आणावा लागेल. ते होईपर्यंत तुमचे नवे दात चावायला लागलेले असतील."

"मी बुडवणार नाहीये हो," ताई घाईनं म्हणाली. "खिडकी मिळाली की हप्ते मीच भरणार आहे. पण आधी दात."

तिनं पुढच्या सोमवारची वाट न बघता अर्ध्या दिवसाची रजा टाकून नवं खातं काढलं. पासबुक रुमालात गुंडाळून आणलं, जसं काही ते फुटेल.

फॉर्म भरला तो मुदतीच्या आधीच्या शेवटच्या शनिवारी. बाकावर आठ माणसं, जिन्यावर चार. काकांनी ताईचं पासबुक काचेच्या वजनाखाली ठेवलं, गेल्या वर्षीची प्रत काढली, पट्टी लावली. एवढ्यात बाकावरच्या वॉचमननं विचारलं, "काका, माझ्यावर पतपेढीचं कर्ज आहे. माझा परतावा पण ते घेतील का हो?" झालं! ताईचंच उदाहरण घेऊन काका रंगात आले. सरकार काय करतं, बँक कशी टपून असते आणि आपण तिला कसं चकवलं, हे सगळं हातवाऱ्यांसह सुरू झालं. बाक माना डोलावत होता. पट्टी खाली खाली सरकत होती. खाते क्रमांकाची ओळ आली. काकांनी डावीकडच्या प्रतीवरून अकरा आकडे मोठ्यानं वाचले आणि विचारलं, "बरोबर?"

"हो," ताई म्हणाली. आकडे तिला पाठ नव्हते, ना जुने ना नवे. काकांनी वाचले म्हणजे बरोबरच असणार.

काकांनी सुवाच्य अक्षरात आकडे लिहिले. काम झाल्यावर वजनाखालचं पासबुक त्यांनी स्वतःच्या हातानं ताईला परत दिलं. "हे जपून ठेवा हं," असंही म्हणाले.

त्यानंतर सात सोमवार ताई यायची, टेबलाशी वाकून विचारायची, "आलं का काही?" काका म्हणायचे, "सरकारी काम आहे, ताई. येईल तेव्हा येईल." ती हात तोंडावर नेऊन हसायची आणि जायची.

आठव्या सोमवारी ती आली आणि काही न विचारता तिनं मोबाइल काकांच्या पुढ्यात धरला. बँकेचे दोन मेसेज होते. पहिल्यात आयकराचा परतावा जमा. दुसरा त्याच सकाळचा, तीन मिनिटांनंतरचा. तेवढीच रक्कम कर्जखात्यात वळती. वर बँकेचं नाव होतं. जुन्या बँकेचं.

काकांनी दोन्ही मेसेज पुन्हा वाचले. फाइल उघडायची गरजच नव्हती. पासबुक वजनाखाली होतं, प्रत डावीकडे होती आणि तोंड वॉचमनकडे होतं. सगळं त्यांना तिथल्या तिथं आठवलं.

"तुम्ही म्हणालात घेता येत नाही," ताई म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. "मी तर नवं खातं काढलं होतं. मग त्यांच्या हाताला लागलं कसं?"

बाकावर पाच माणसं होती. पाचही जण काकांकडे बघत होते. बावीस वर्षं ज्यांना आपण चुकत नाही असं सांगितलं, ती माणसं. खरं बोलायला दोन शब्द पुरले असते. काकांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "नियम बदलला वाटतं. हल्ली देणेकऱ्याचा परतावा परस्पर बँकेला देतात. जुन्या खात्यातून आत शिरतो आणि कर्जात जातो."

"म्हणजे पुढच्या वर्षीही?"

एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप येतं. "भावाचं कर्ज फिटेपर्यंत दर वर्षी असंच होणार," काका म्हणाले.

ताईनं मोबाइल रुमालात गुंडाळला. "तुमचा काय दोष, काका," ती म्हणाली. "तुम्ही तर किती समजावून सांगितलं होतं."

ती गेल्यावर त्यांनी फाइल उघडली. अकरा आकडे, त्यांच्याच वळणदार अक्षरात. एकही खाडाखोड नव्हती.

चूक कुणाच्याही हातून होते, हे मला मान्य आहे. चुकीबद्दल मी काकांना काही बोलणार नाही. पण ते 'नियम बदलला' मात्र त्यांचं त्यांनी, पुरत्या शुद्धीत, दुसऱ्याचं तोंड बंद करायला वापरलं. आणि ते त्यांनाही कळत होतं. त्या दिवसापासून त्यांना चहा गोड लागेना. पट्टी लावली की ते प्रत्येक ओळ तीन तीनदा वाचायला लागले. "काका, माझं नाव मला माहीत आहे हो," बाकावरचा एकजण वैतागून म्हणाला.

त्याहून वाईट म्हणजे त्यांचं खोटं त्यांच्याआधी गावभर फिरून आलं. वॉचमन रस्त्यात भेटला, म्हणाला, "मुदतीत राहिला तो फॉर्म दंड भरून उशिरा देणार होतो, तोही मी दिला नाही. पतपेढीच्या घशात घालायला कशाला भरू? तुम्हीच म्हणालात ना." काकांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते वॉचमनला कळलं नाही आणि काकांनी कळू दिलं नाही.

चोरपावलांनी चूक दुरुस्त करायचा एक प्रयत्न त्यांनी केला. जुन्या बँकेत जाऊन काउंटरमागच्या तरुण मुलीला त्यांनी विचारलं की पैसे चुकून या खात्यात आले असतील तर परत मिळतात का.

"आमच्या बाजूनं चूक नाही," ती म्हणाली. "आम्ही सरकारकडून काही मागितलं नव्हतं. आमच्या खात्यात आले, थकबाकी होती, वळते झाले. तरी खातेदारानं अर्ज करावा. ज्याच्या हातून चूक झाली, त्याचं लेखी जोडावं. साहेब बघतील. खात्री देत नाही."

"खातेदाराला न सांगता नाही का होणार?"

मुलीनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अर्ज त्यांचा असणार ना, आजोबा."

बाहेर येऊन काका पायरीवर बराच वेळ बसले. मग आपल्या बँकेत गेले, ठेवीतून तेवढी रक्कम काढली आणि पाकिटात भरून घरी आले. बेत ठरला होता. ताईला म्हणायचं, सरकारनं चूक मान्य करून पैसे पुन्हा पाठवले. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

काकू जेवायला वाढत होत्या. शाळेत तीस वर्षं शिकवलेली बाई. समोरचा मुलगा गृहपाठ विसरलाय की केलाच नाही, हे चेहऱ्यावरून ओळखायची सवय. पाकीट बघितलं, नवऱ्याचा चेहरा बघितला आणि भात वाढता वाढता म्हणाल्या, "बोला आता. पंधरा दिवस झाले, वाट बघतेय."

काकांनी सगळं सांगितलं. अगदी बेतासकट.

काकूंनी पातेलं खाली ठेवलं. "दात तिचे गेलेत आणि तोंड तुम्ही लपवताय?"

"पैसे देतोच आहे ना, अगं."

"पैसे सरकारच्या नावानं देताय. म्हणजे चूकही सरकारची, दिलदारीही सरकारची आणि तुम्ही तसेच्या तसे कोरे करकरीत. अहो, मुलं बरी यापेक्षा. निदान कान तरी पकडतात."

काका जेवले नाहीत. पाकीट घेऊन तसेच निघाले.

धुलाईघराचं दार उघडलं की वाफ अंगावर यायची. मोठाली पिंपं गरगरत होती आणि त्यांच्या आवाजात माणसं ओरडून बोलत होती. ताई आणि आणखी एक बाई चादरीची दोन दोन टोकं धरून घड्या घालत होत्या. काकांना बघून ताईचा हात सवयीनं तोंडाकडे गेला, मग मध्येच थांबला. काका इथं आले म्हणजे काहीतरी वेगळं असणार.

तिला मागच्या दारापाशी नेऊन काकांनी सांगितलं. कुठलीही प्रस्तावना केली नाही. "ताई, नियम बदललेला नाही. मी तुमचा जुना खाते क्रमांक लिहिला. चूक माझी. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो. बाकावर माणसं होती, म्हणून."

ताईनं विचारलं, "नियम नव्हताच?"

"नव्हता."

"म्हणजे दर वर्षी जाणार नव्हते?"

"नाही. तुम्ही खातं बदललंत ते बरोबरच होतं. मी बिघडवलं." त्यांनी पाकीट पुढं केलं. "बँकेला अर्ज करू. मी लिहून देतो, शिक्का मारून. पण ते मिळोत न मिळोत, हे घ्या."

ताईनं पाकीट घेतलं. "घेते," ती म्हणाली. "नको म्हणायची चैन मला परवडत नाही. आणि बँकेला अर्ज राहू द्या, कर्ज तेवढं कमी झालं." मग ती पलीकडच्या उलट्या ठेवलेल्या टोपलीवर बसली. काकांना वाटलं, सुटलो. एक क्षण खरंच तसं वाटलं, खोटं कशाला सांगू.

"तुम्ही तो नियम सांगितलात, त्याच रविवारी त्याचा फोन आला होता," ताई म्हणाली.

"कुणाचा?"

"भावाचा. नेहमीसारखा. ताई, थोडं थांब म्हणत होता. मी म्हटलं, थांबून काय करू? तुझ्यापायी दर वर्षी सरकार माझ्या तोंडचा घास काढून बँकेला देणार आहे. कायदाच तसा आहे, काकांनी सांगितलंय. माझे दात खाल्लेस तू. मरेपर्यंत खात बसशील. पुन्हा फोन करू नकोस, तू मला मेलास." ताईनं पाकीट मांडीवर ठेवलं. "मी त्याला असं कधीच बोलले नव्हते, काका. दुकान बुडालं तेव्हासुद्धा नाही."

"मग?"

"मग त्यानं केला नाही. मी केला, तर नंबर बंद. पुढच्या रविवारीही बंद. कुठं राहतो, तेही मी कधी विचारलं नव्हतं. मी आपली जेवलास का, एवढंच विचारायची."

काकांनी तिथंच तिच्याकडून नंबर घेतला आणि स्वतःच्या मोबाइलवरून लावून पाहिला. पलीकडून एका बाईनं गोड आवाजात सांगितलं की हा क्रमांक सेवेत नाही. काकांनी पुन्हा लावला. बाईनं पुन्हा तेच सांगितलं. ताई बघत होती. तिच्या तोंडावर हात नव्हता. पुढचे चार दात नसलेलं ते उघडं तोंड काकांनी दोन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी टेबलाच्या मागं पुठ्ठा टांगला. 'परतावा बँकेला परस्पर जातो हे मी सांगितलं ते खोटं होतं. चूक माझी होती.' खाली सही, शिक्का. वॉचमननं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "काका, आता ती उशिराची मुदतही संपली की हो." पुठ्ठा अजून तिथंच आहे. झेरॉक्सवाला म्हणतो, काढा आता, धंद्यावर परिणाम होतो. काका काढत नाहीत. बावीस वर्षांची गोष्टही ते आता कुणाला ऐकवत नाहीत. पट्टीसुद्धा खणात आहे. गेल्या वर्षीची प्रत कुणी पुढं केली, तर म्हणतात, "ती राहू द्या. पासबुक आणलंय?"

लॉन्ड्रीताईला दात बसले. चांगले बसले, एकसारखे, मूळच्यांपेक्षा बरे. खिडकीही मिळाली. ती स्टुलावर बसून चादरी मोजून देते, गुडघे दुखत नाहीत, हप्ते भरते. खिडकीवर आता सोमवारी सुट्टी नसते. म्हणून काका दर सोमवारी सकाळी तिकडून जातात, रांगेत उभे राहतात, नंबर आला की जरा वाकतात. ती समोर बघते. तिचे दोन्ही हात चादरीवर असतात. तोंडावर हात न्यावा असं हसू तिला काकांच्या देखत तरी पुन्हा आलेलं नाही.

"आला का फोन?" काका विचारतात.

"नाही," ती म्हणते आणि मागच्या माणसाची चिठ्ठी घेते.